बराक ओबामा यांनी २००८ च्या प्रचारात मांडलेली राष्ट्रसेवेची योजना सक्तीची होती का?

नाही, नागरिकांवर सेवेची कायदेशीर सक्ती करण्याचा प्रस्ताव त्या योजनेत नव्हता. डिसेंबर २००७ मध्ये आयोवा राज्यात आणि पुढे जुलै २००८ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे केलेल्या भाषणांत ओबामा यांनी प्रामुख्याने पुढील गोष्टी मांडल्या होत्या:

- 'अमेरिकॉर्प्स' या देशांतर्गत सेवेच्या सरकारी कार्यक्रमातील जागा ७५,००० वरून २,५०,००० पर्यंत नेणे आणि परदेशांत स्वयंसेवक पाठवणारा 'पीस कॉर्प्स' हा कार्यक्रम २०११ पर्यंत दुप्पट करणे;
- शालेय विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५० तास सेवेचे उद्दिष्ट ठेवणे;
- वर्षाला १०० तास सेवा करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शुल्कापोटी ४,००० डॉलरची करसवलत देणे.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही: शालेय जिल्ह्यांनी (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांनी) सेवेचे कार्यक्रम आखावेत, अशी अट संघराज्याच्या आर्थिक मदतीला जोडली जाणार होती, त्यामुळे शाळांवर अप्रत्यक्ष दबाव आला असता, हा टीकाकारांचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात २१ एप्रिल २००९ रोजी ओबामा यांनी सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या नावाच्या ज्या सेवा-कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यात अडीच लाख जागांचे लक्ष्य २०१७ साठी नोंदवले गेले. परंतु अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तेवढा निधी कधीच मंजूर केला नाही आणि अमेरिकॉर्प्सची संख्या लाखाच्या आतच राहिली. शिक्षणशुल्काची करसवलत त्याच वर्षी आली खरी, पण ती कमाल २,५०० डॉलरची होती आणि तिला सेवेची अटच नव्हती.