वाचक विचारतात : फिनलंडच्या युद्धविमानांच्या जुन्या चित्रफिती

प्रश्न : एका जुन्या चित्रफितीत बर्फावरून उडणाऱ्या विमानांवर स्वस्तिक दिसतं. मथळा ‘फिनलंड, १९३९’ असा आहे, पण ही जर्मन विमानं असल्याचं मित्र ठामपणे सांगतो. खरं काय? (सांगली)

उत्तर : स्वस्तिक कुठे आणि कसं काढलंय ते आधी पाहा. जर्मन स्वस्तिक काळं, तिरकं आणि फक्त शेपटीवर असतं. पंखांवर आणि धडावर त्यांचा काळा क्रॉस. फिनिश स्वस्तिक निळं, पांढऱ्या वर्तुळात सरळ उभं असतं आणि ते पंखांवर व धडावर असतं. हे चिन्ह १९१८ सालचं. स्वीडनचे काउंट एरिक फॉन रोसेन यांनी भेट दिलेलं थुलिन विमान ६ मार्च १९१८ रोजी फिनलंडमधल्या वासा शहरात उतरलं, तेव्हा त्यावर त्यांचं हे शुभचिन्ह रंगवलेलं होतं. नाझी पक्षाने स्वस्तिक झेंड्यावर घेतलं ते १९२० मध्ये. पुढे फॉन रोसेन स्वतः नाझींच्या जवळ गेले, हेही सांगायला हवं, पण हवाई दलाचं चिन्ह त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

आता साल. धडावरची दोन अक्षरं विमानाचा प्रकार सांगतात : एफआर म्हणजे फोकर डी-२१, बीडब्ल्यू ब्रूस्टर, बीएल ब्लेनहाइम, एमटी मेसरश्मिट १०९, जेके युंकर्स ८८. हिवाळी युद्ध, म्हणजे सोव्हिएत संघ आणि फिनलंडचं पहिलं युद्ध, ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० एवढंच चाललं आणि त्यात ब्रूस्टर लढलीच नाहीत. मेसरश्मिट मार्च १९४३ मध्ये आली, युंकर्स त्याच एप्रिलमध्ये. म्हणजे ‘१९३९’ मथळ्याखाली एमटी दिसलं, तर मथळा चुकीचा, एवढं ठामपणे म्हणता येतं. धडाभोवती पिवळा पट्टा आणि पंखांच्या टोकांखाली पिवळा रंग दिसला, तर काळ जून १९४१ ते सप्टेंबर १९४४. असा पट्टा पूर्व आघाडीवरच्या जर्मन विमानांवरही असे, त्यामुळे तो देश ओळखायच्या कामाचा नाही. एप्रिल १९४५ पासून स्वस्तिकाच्या जागी निळं-पांढरं वर्तुळ आलं. तुमच्या चित्रफितीतलं विमान एका इंजिनाचं, न मिटणाऱ्या पायांखाली स्की लावलेलं आणि बिनपट्ट्याचं असेल, तर ते फोकर असण्याची शक्यता मोठी. फक्त ते १९४०-४१ च्या हिवाळ्यातलंही असू शकतं, तेव्हा मथळ्यातल्या सालावर लगेच शिक्का मारू नका.

प्रश्न : ब्रूस्टरचं मॉडेल रंगवतोय. एका चित्रफितीत पट्टा जवळजवळ पांढरा दिसतो, दुसरीकडे गडद करडा. मग तो पिवळाच होता का? (नाशिक)

उत्तर : पिवळाच होता. फरक फिल्मचा आहे. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही आणि पिवळा कमी दिसतो, त्यामुळे पिवळा गडद येतो आणि निळा फिका पडतो. पँक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग टिपते. भिंगापुढे पिवळा फिल्टर असेल तर पिवळा आणखी उजळतो आणि निळा काळपट होतो. ढग उठून दिसावेत म्हणून हा फिल्टर हमखास लावत.

परीक्षा सोपी आहे. पट्टा आणि स्वस्तिक एकाच चौकटीत येतील असं दृश्य थांबवा. स्वस्तिक फिकं आणि पट्टा गडद, तर ऑर्थो. स्वस्तिक गडद आणि पट्टा पांढुरका, तर पँक्रो, बहुधा फिल्टरसह. करड्या छटेवरून पिवळ्याची नेमकी छटा ठरवू नका. संगणकाने रंगवलेली चित्रफीत तर रंगासाठी अजिबात वापरू नका. त्यात पांढुरका पट्टा पांढराच रंगवला जातो. वरच्या अंगाला काळा आणि ऑलिव्ह हिरवा हे दोन रंग करड्यात एकमेकांत मिसळतात. म्हणून त्यांच्या कडा शोधायला कडक उन्हातलं दृश्य निवडा.

रंगवण्याआधी चित्र उलटं छापलेलं नाही ना, तेही बघा. अक्षर-क्रमांक दिसत असेल तर प्रश्नच नाही. मेसरश्मिटच्या बाबतीत सुपरचार्जरचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राचं) हवा घेणारं तोंड नाकाच्या डाव्या बाजूला असतं आणि कॉकपिटचं झाकण उजवीकडे उघडतं. डावं-उजवं नेहमी वैमानिकाचं धरायचं.

प्रश्न : जुन्या चित्रफितीत माणसं भराभर चालतात आणि विमानाचा पंखा (प्रोपेलर) उलटा फिरतो. वेग कसा दुरुस्त करायचा? (ठाणे)

उत्तर : आधी पावलं मोजा. मोकळ्या जमिनीवर चालणारा माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. एक टाच टेकल्यापासून दुसरी टेकेपर्यंत किती चौकटी (फ्रेम) जातात ते पाहा आणि त्याची दुप्पट करा. तो चित्रीकरणाचा वेग, सेकंदाला इतक्या चौकटी. बारा चौकटी आल्या तर २४, आठ आल्या तर १६. सोळाचं चित्रण २४ ने चालवलं की सगळं दीडपट पळतं. संपादनात वेग ६६.७ टक्के करा. तीन-चार माणसं मोजा आणि खोल बर्फात चालणारी सोडून द्या, कारण त्यांची चाल मंद असते. फाइल सेकंदाला ३० चौकटींची असेल तर काही चौकटी दोनदा आलेल्या असतात. त्या आधी काढल्या नाहीत, तर मोजणी चुकते. २४ चं चित्रण २५ ने चाललं तर फरक फक्त ४ टक्के, तिकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

पंख्यावरून मात्र वेग ठरवू नका. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ४८० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २४ पाती एकाच जागेवरून जातात आणि २४ चौकटींच्या चित्रणात तो थबकलेला दिसतो. ९६० फेऱ्यांनाही तेच. त्याहून जरा कमी झाला की उलटा फिरल्यासारखा दिसतो. हा ठरावीक वेळाने टिपलेल्या चौकटींमुळे होणारा भास आहे, चित्रफितीतला दोष नाही.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी अशी चित्रं कुठून घ्यावीत? (पणजी)

उत्तर : स्थिर छायाचित्रं हवी असतील तर फिनिश संरक्षणदलांचा ‘एसए-कुवा’ संग्रह २०१३ पासून सर्वांसाठी खुला आहे, त्यात सुमारे १,६०,००० युद्धकालीन छायाचित्रं आहेत. चित्राखाली ‘एसए-कुवा’ एवढं श्रेय लिहिलं की वापरता येतात. चलत्चित्रांसाठी फिनलंडच्या राष्ट्रीय दृक्श्राव्य संग्रहाला (२०२५ अखेरपर्यंत ‘कावी’ ही संस्था) पत्र लिहा. त्यात बातमीपटाचं नाव व क्रमांक, हव्या दृश्याची सुरुवात आणि शेवट मिनिट-सेकंदांत, आणि प्रदर्शन कुठे, किती दिवस व तिकीट आहे का, हे द्या. शोधताना फिनिश शब्द रोमन लिपीत टाका : विमानाला ‘लेन्तोकोने’ (lentokone), बॉम्बफेक्याला ‘पोम्मिकोने’ (pommikone). इंग्रजी शब्दांनी शोधलं तर बराच साठा हाती लागत नाही.