निमंत्रणातच अटी घाल

चि. यास/हिस,

चर्चासत्रासाठी सारांश मागवणारा तुझा मसुदा वाचला. 'एक्झोसोमवरील संशोधन सादर करा' हे शीर्षक आधी बदल. पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्यांपैकी एक्झोसोम हा पेशीच्या आत, एंडोसोम नावाच्या कप्प्यात तयार होतो. पेशीपटलाचा फुगवटा तुटून सुटतो तो एक्टोसोम. दोघांचे आकार एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नळीतला कण नेमका कुठला हे बहुतेक प्रयोगांत सिद्ध होतच नाही. या क्षेत्रातली मिसेव्ह २०२३ ही मार्गदर्शिकाही उगम दाखवता येत नसेल तर एक्झोसोम म्हणू नका, असंच सांगते. 'पेशीबाह्य पुटिका' (पेशीबाहेर सुटलेल्या पिशव्या) लिही, म्हणजे दोन्ही प्रकारांवर काम करणारे अर्ज करतील.

आता अर्जाचा नमुना. निष्कर्षांसाठी मोठी चौकट आणि पद्धतीसाठी एक ओळ, ही मांडणी उलटी कर. 'अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवून कण वेगळे करणारं यंत्र) वापरला' एवढ्यावर कुणाला सोडू नकोस. ३०० जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट), २,००० जी, १०,००० जी आणि शेवटी १,००,००० जी, प्रत्येक पायरीला किती मिनिटं आणि कुठला रोटर (नळ्या धरून फिरणारा भाग), हे विचार. नुसता आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, दिला तर रोटर बदलला की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

सर्वांत महत्त्वाची चौकट नियंत्रण नमुन्याची. पेशी वाढवताना घातलेल्या गाईच्या सीरममध्येही पुटिका असतात. १,००,००० जीवर रात्रभर फिरवूनही त्या पूर्णपणे जात नाहीत. म्हणून पेशी न घातलेलं माध्यम त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेलं का, हे स्पष्ट विचार. पीकेएच२६ या चमकणाऱ्या रंगाने रंगवलेल्या पुटिका पेशीत शिरताना दाखवणाऱ्यांना पुटिका न घालता नुसता रंग असलेला नियंत्रण नमुना माग. हा रंग स्वतःच गोळा होऊन पुटिकांएवढे कण बनवतो आणि तेही पेशीत चमकतात. सुंदर चित्रं इथेच फसवतात.

रक्तावर काम करणाऱ्यांना वेगळे प्रश्न ठेव. प्लाझ्मा (रक्तद्रव) गोठवण्याआधी बिंबाणू (प्लेटलेट) काढले का? २,५०० जीवर १५ मिनिटं, असं दोनदा फिरवणं ही रुळलेली पद्धत आहे. बिंबाणू राहिले तर वितळताना फुटतात आणि त्यांचे तुकडे पुटिका म्हणून मोजले जातात. कण मोजणारं एनटीए यंत्र लिपोप्रोटीनही (रक्तातले चरबी वाहणारे कण) मोजतं आणि प्लाझ्मात ती पुटिकांपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणजे कणांचा मोठा आकडा ही शुद्धतेची खूण नव्हे. पुटिकांची खूण असलेली सीडी६३, सीडी८१ आणि टीएसजी१०१ ही प्रथिनं आहेत हे दाखवलं, तसं लिपोप्रोटीनमधलं एपोबी हे प्रथिन किती उरलं हेही दाखवायला सांग.

एवढं विचारल्यावर अर्ज कमी येतील, ते येऊ देत. मात्र अपूर्ण काम असलेल्या विद्यार्थ्यांना पोस्टरची जागा ठेव आणि 'परिणाम दिसला नाही' असे निकालही स्वीकारू, हे निमंत्रणात ठळक अक्षरांत छाप. नियंत्रण नमुन्यातही तोच परिणाम मिळाला, हे सांगणारं पोस्टर बाकीच्यांचे कित्येक महिने वाचवतं.

सुधारलेला मसुदा पाठव. परीक्षकांची यादी त्यानंतर ठरवू.

तुझा/तुझी हितचिंतक