जुन्या ट्रकचा मागचा हब: बेअरिंग बदलूनही घरघर का जात नाही?

प्रश्न: माझ्या जुन्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकातून वेग वाढला की घरघर ऐकू येते. हबची, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाची, दोन्ही बेअरिंगे आणि ऑइल सील बदलले. काही काळ गाडी ठीक चालली, पण आता आवाज परत आला असून ब्रेकच्या ड्रममध्ये ऑइल उतरू लागले आहे. हबमधील बेअरिंगची जागा सैल झाली असून पंच मारून, म्हणजे टोकदार छिन्नीने तिथे ठोके देऊन, ती घट्ट करता येईल, असे मिस्त्री म्हणतात. हे काम टिकेल का?

उत्तर: मिस्त्रींचे निदान बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे, पंचाचा उपाय मात्र कृपया करू नये. पंच मारल्याने जे उंचवटे उठतात, त्यांच्या मोजक्या टोकांवरच बेअरिंगची बाहेरची कडी, म्हणजे कप, टेकतो. भार आला की ती टोके दबतात आणि कप पुन्हा फिरू लागतो. शिवाय असा कप मध्यावर नेमका बसत नसल्यामुळे सीलची कड एकाच बाजूला झिजते आणि ऑइलची गळती पुन्हा सुरू होते.

ट्रकमध्ये बहुतेक करून मागचा एक्सल फुल फ्लोटिंग असतो. त्यात गाडीचा भार शाफ्टवर येत नाही. एक्सलच्या नळीच्या टोकावर, म्हणजे स्पिंडलवर, दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांच्या आधाराने हब फिरतो आणि शाफ्ट त्याला केवळ फिरवतो. कप हबमध्ये दाबूनच बसवावा लागेल इतका घट्ट हवा. आतला कोन, म्हणजे बेअरिंगची रोलर असलेली आतली कडी, मात्र स्पिंडलवर हाताने सरकणे हे बहुतेक रचनांमध्ये धरलेलेच असते, त्यामुळे तेवढ्यावरून स्पिंडल झिजला असे समजू नये.

खोलण्याआधी आवाज हबचाच आहे याची खात्री करून घ्यावी. क्राऊन-पिनियनचा, म्हणजे एक्सलच्या मधल्या डिफरन्शियलमधील गिअरांचा, आवाज ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर बदलतो, तर बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि वळणावर त्या चाकावर भार गेला की अधिक जड होते. गाडी चालवून आणल्यावर दोन्ही बाजूंचे हब किती तापले आहेत, याची तुलना करावी. अर्थात ब्रेक घासत असला तरीही हब तापतो, म्हणून चाक उचलून फिरवून पाहणे आवश्यक आहे. पुढच्या चाकांना ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडकण, लावावी, एक्सलखाली भक्कम स्टँड द्यावेत, कारण केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. मग ब्रेक पूर्ण सोडून टायरखाली पहार घालावी आणि चाक वर-खाली हलवावे. जो प्ले, म्हणजे ढिलेपणा, आढळेल तो साथीदाराने ब्रेकचे पॅडल दाबून धरल्यावर नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगच्या बाजूला आहे. ही तपासणी सोपी असूनही बऱ्याचदा केली जात नाही, याचे वाईट वाटते.

हब उतरवल्यावर कप हाताने ढकलून निघतो का, त्याच्या पाठीवर गोल फिरल्याचे चकचकीत पट्टे आहेत का आणि जागेत तपकिरी भुकटी साठली आहे का, हे पाहावे. ही तिन्ही लक्षणे कप फिरत असल्याची आहेत. त्यानंतर ती जागा आतल्या मापाच्या मायक्रोमीटरने वेगवेगळ्या दिशांनी आणि दोन-तीन खोलींवर मोजावी, कारण ती सगळीकडे सारखी न झिजता लंबगोल होते. स्पिंडलवर निळसर झाक, चर किंवा खराब आटे दिसले, तर तडा तपासण्याच्या रंगद्रव्याने त्याची परीक्षा केल्याशिवाय तो परत वापरू नये.

जागा मापाबाहेर गेली असेल, तर हब बदलणे हाच खात्रीचा मार्ग आहे. जुना पण मोजून योग्य ठरलेला हब चालेल. भिंत पुरेशी जाड असेल आणि लेथवाला दोन्ही बेअरिंगांच्या जागा हब लेथवर एकदाच बांधून, मधे न सोडता कापून देऊ शकत असेल, तरच स्लीव्ह, म्हणजे आत बसणारी धातूची नळी, बसवण्याचा विचार करावा. अन्यथा दोन जागा एका रेषेत राहत नाहीत. वेल्डिंगचा भराव टाळावा, कारण ओतीव हबमध्ये वेल्डच्या कडेला धातू कडक आणि ठिसूळ होतो. कप आणि कोन नेहमी जोडीनेच बदलावेत. सील फिरते त्या जागी चर पडला असेल, तर नवे सीलही गळेल. तेथे पातळ दुरुस्ती कडी मिळते. एक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र, तुंबला आहे का हेही पाहावे, कारण आत कोंडलेला दाब चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर काढतो. ऑइलने भिजलेले ब्रेक लायनर (ड्रमवर घासणारे अस्तर) धुऊन वापरू नयेत; त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलावेत.

प्रश्न: हबचा नट किती आवळावा?

उत्तर: हब दोन्ही दिशांना फिरवत नट आवळावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात; मग तो सैल करून वाहनाच्या पुस्तिकेप्रमाणे हलका आवळावा. वाहनासाठी वेगळा आकडा दिला नसेल, तर लॉक नट लावल्यानंतर डायल गेजवर 0.025 ते 0.125 मिलिमीटर प्ले राहावा. लॉक नट आवळताना हे माप बदलते, त्यामुळे आधी मोजलेले ग्राह्य धरू नये. डिफरन्शियलच्या ऑइलवर चालणारा हब असेल, तर गाडी हलवण्यापूर्वीच त्यात तेच ऑइल घालावे आणि थोडे अंतर चालवल्यावर डिफरन्शियलमधील पातळी पुन्हा तपासावी.