नायिका हरली, मग प्रतिकार कुठे?

प्रश्न : आमच्या वाचनगटात आशापूर्णा देवींची ‘प्रथम प्रतिश्रुति’ (१९६४) ही बंगाली कादंबरी चर्चेला होती. नायिका सत्यवतीला मुलीचं लग्न काही रोखता आलं नाही, म्हणून निम्म्या जणींनी तिला हरलेली ठरवलं. हे बरोबर आहे का?

उत्तर : निकाल बघून प्रतिकार मोजला की असं होतं. कादंबरीतला काळ एकोणिसाव्या शतकातल्या बंगालचा. मुलीचं लग्न ठरवण्यात आईला विचारतं कोण! तेव्हा प्रश्न असा घ्या : तिच्या हातात काय होतं आणि त्याचं तिने काय केलं? लेक सुवर्णाला शिकवायचं तिने ठरवलेलं, सासूने परस्पर लग्न उरकलं. सत्यवती रडत-भांडत बसत नाही, काशीची वाट धरते. घराला तिच्याकडून हवा होता तो संसार. तोच तिने काढून घेतला.

पुढच्या बैठकीला शेवटची दहा पानं पेन्सिल घेऊन वाचा. नायिका ‘करते’ तिथे एक खूण, तिच्यावर ‘केलं जातं’ तिथे दुसरी. महाश्वेता देवींच्या ‘द्रौपदी’ या बंगाली कथेत हा पालट लख्ख दिसतो. पकडल्यापासून छावणीतल्या अत्याचारापर्यंत सगळं आदिवासी नायिका दोपदीवर होत राहतं. मग ती उठते, दिलेलं पाणी ओतून टाकते, कापड दातांनी फाडते आणि तशीच लष्करी अधिकारी सेनानायकासमोर जाऊन उभी राहते. आता घाबरतो तो. हे मोजताना भाषांतरावर डोळे मिटून विसंबू नका. ‘मला नेलं’चं ‘मी गेले’ सहज होऊन बसतं. दोन भाषांतरं मिळाली तर ताडून बघा.

आणि प्रत्येक मौनाला प्रतिकार म्हणायची हल्ली खोडच लागली आहे. तिला बोलता येत होतं, कुणी ऐकणारं होतं, तरी ती गप्प राहिली, तरच ते धरा. तोंड दाबलेलं असेल तर ती नुसती मुस्कटदाबी.

प्रश्न : पुरुषांनी लिहिलेलं वाचनगटाच्या यादीत घ्यावं का?

उत्तर : जरूर. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्ष्यात कोण घेतो?’ नायिका यमूच्याच तोंडून येते. फक्त पाठोपाठ ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हा कथासंग्रह ठेवा. विधवा यमूवर केशवपनाची सक्ती होते आणि ती त्याची साक्ष देते. ‘कळ्यां’मधल्या मुली शिकल्यात, कमावतात, तर बापाच्या संसाराला त्यांचा पगार लागतो. जाच तोच, कारण मात्र नवं. लेखिकेचं नाव पुस्तकावर विभावरी शिरूरकर. मालतीबाई बेडेकरांनी हे लिहिलं, ते टोपणनावाआडून.