नवऱ्याच्या ब्रिटिश घराण्यात कुणी भारतीय आजी होती का, हे कसं शोधायचं?

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात: नवऱ्याच्या डीएनए चाचणीत दीड-दोन टक्के दक्षिण आशियाई वाटा आला, आणि घरात सांगतात की खापरपणजोबा मुंबईच्या फौजेत होते, बायको पोर्तुगीज. मला दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. मुंबईत तेव्हा 'पोर्तुगीज' म्हणजे लिस्बनचाच माणूस असं मुळीच नव्हतं. साष्टी-वसईच्या आपल्या ईस्ट इंडियन लोकांनीही हे नाव १८८७ मध्ये घेतलं. त्याआधी तेही पोर्तुगीज ख्रिस्तीच म्हणवले जात. शिवाय १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने भारतीय आईच्या मुलांना मुलकी आणि लष्करी नोकऱ्या बंद केल्या. मग मुलांच्या नोकरीसाठी भारतीय आजी सांगताना पोर्तुगीज होणारच!

आता टक्के. खापरपणजी पूर्ण भारतीय असती, तर वाटा सहाच्या आसपास आला असता. दीड-दोन म्हणजे बहुधा तिची आई किंवा आजी. (एवढा लहान आकडा चाचणीतली चूकही असू शकतो, म्हणून कागद हवाच.)

मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, 'एन/३' या मालिकेत आहेत. 'फाइंडमायपास्ट' या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात, पण आधी 'फिबिस' या ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या फुकट सूचीत शोधा. खापरपणजीचं लग्न सापडलं की तिचा बाप्तिस्मा गाठा. तिथे बापाचं नाव ठसठशीत आणि आईची जागा कोरी, किंवा आडनावाशिवाय नुसतं 'मारिया', असं दिसलं तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. पुढे त्या बापाचं मृत्युपत्र शोधा. नोंदवहीत न आलेल्या बाईला पुष्कळांनी मृत्युपत्रात मात्र पैसे ठेवलेत, कधी नावानिशी.

प्रिन्स विल्यमच्या घराण्यात हेच झालं. त्याच्या आईकडची पूर्वज एलायझा केवार्क, सुरतेत कंपनीच्या नोकरीत असलेल्या थिओडोर फोर्ब्सच्या घरातली, आर्मेनियन मानली जायची. २०१३ मध्ये विल्यमच्या आईकडच्या दूरच्या नातेवाइकांची मायटोकाँड्रियल (फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची) चाचणी झाली आणि तिची मातृशाखा भारतीय निघाली. ही शाखा आईकडून मुलीकडे, तिच्याकडून तिच्या मुलीकडे अशीच उतरते; मुलग्यांना ती मिळते, पण ते पुढे देत नाहीत. तेव्हा खापरपणजी आणि नवरा यांच्यामध्ये कुठेही पुरुष येत असेल, तर नवऱ्याची ही चाचणी करण्यात पैसे घालवू नका. खापरपणजीच्या मुलींच्या मुलींकडून आलेली एखादी चुलत-मावसबहीण शोधा आणि तिला विचारा.