वाचकांचे प्रश्न: सेशन सापडलं, पण तोवर मोकळं झालं

प्रश्न : माझ्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये सेशनची लिस्ट आहे. आयडीवरून शोधताना स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतो, सेशन सापडलं की लॉक सोडतो आणि मग केरेफ_गेट करतो, म्हणजे सेशनच्या वापरकर्त्यांचा काउंट एकने वाढवतो. लिस्ट स्वतः रेफरन्स धरत नाही, म्हणजे या काउंटमध्ये ती मोजली जात नाही. शेवटच्या पुटनंतर (पुट काउंट एकने कमी करतो) रिलीज फंक्शन लॉक घेऊन सेशन लिस्टमधून काढतं आणि केफ्रीने मेमरी मोकळी करतं. लोड वाढला की ‘ॲडिशन ऑन झिरो’ची वॉर्निंग यायची. केरेफ_गेट_अनलेस_झिरो (काउंट शून्य नसेल तरच वाढवणारा गेट) घातल्यावर ती थांबली, पण कासान (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) अजून यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर, दाखवतोच.

उत्तर : कासानचं बरोबर आहे. लॉक सुटल्यापासून गेट होईपर्यंत तुमच्या हातातल्या पॉइंटरला कसलाच आधार नसतो. तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर शेवटचा पुट होतो, काउंट १ वरून ० वर येतो, रिलीज चालतं आणि मेमरी स्लॅबकडे (कर्नलच्या मेमरी वाटणाऱ्या भागाकडे) परत जाते. मग अनलेस_झिरो जो काउंट वाचतो तो मोकळ्या झालेल्या मेमरीतला. तिथे शून्य दिसलं तर बचावलात. ती जागा एव्हाना दुसऱ्या ऑब्जेक्टला मिळाली असेल, तर त्याच्या डेटात तुम्ही गुपचूप एक मिळवता, आणि क्रॅश होतो भलत्याच ठिकाणी.

तेव्हा अनलेस_झिरो लॉकच्या आत आणा. साधा गेट तिथेही चालणार नाही, कारण काउंट ० झाल्यापासून रिलीजला लॉक मिळेपर्यंत ते सेशन लिस्टमध्येच असतं. गेट फसला तर सेशन सापडलंच नाही असं धरा. पुट मात्र लॉक धरून कधीही करू नका. रिलीज त्याच लॉकवर अडकेल.

आम्हाला मात्र लिस्टनेच एक रेफरन्स धरावा हे जास्त पटतं. मग लॉकच्या आत साधा गेट पुरतो. तिथे जपायचं ते दुहेरी डिलीटला: दोन थ्रेडनी एकच सेशन काढून दोघांनी पुट केला, तर तिसऱ्याच कुणाचा तरी रेफरन्स जातो. लॉकच्या आत लिस्ट_एम्प्टीने सेशन अजून लिस्टमध्ये आहे का ते तपासून लिस्ट_डेल_इनिटने ते काढा, आणि ज्याने खरोखर काढलं त्यानेच लिस्टचा पुट करायचा.

आताची रेस (दोन सीपीयूंमधली ही शर्यत) हमखास पकडायची असेल तर लॉक सोडणं आणि गेट यांच्यामध्ये एमडिले(१०), म्हणजे १० मिलिसेकंदांचा थांबा, टाका. दुरुस्तीनंतर तोच एमडिले रिलीजच्या सुरुवातीला, लॉक घेण्याआधी टाकून पुन्हा चालवा.

प्रश्न : कॉल_आरसीयूने, म्हणजे आधीपासून वाचणारे संपल्यावर चालणाऱ्या कॉलबॅक फंक्शनमधून, ऑब्जेक्ट मोकळे करतो. मॉड्यूल काढताना सिंक्रोनाइझ_आरसीयू करूनही कधीकधी कर्नल कोसळतो.

उत्तर : सिंक्रोनाइझ_आरसीयू ग्रेस पिरियडपुरता (आधीपासून वाचणारे संपेपर्यंत) थांबतो, रांगेतले कॉलबॅक चालून संपण्याची वाट पाहत नाही. मॉड्यूलचा कोड निघून गेल्यावर त्यातला कॉलबॅक चालला की उडी रिकाम्या जागी. आधी नवे कॉल_आरसीयू बंद करा, मग आरसीयू_बॅरियर बोलवा; तो रांगेतले कॉलबॅक संपेपर्यंत थांबतो. स्वतःचा स्लॅब कॅश असेल तर तो त्यानंतरच नष्ट करा.