फोनमधल्या डेटाबेसमध्ये लाखभर नोंदी असतील, तर क्वेरी केल्यावर सगळ्या रॅममध्ये येतात का?

नाही, अँड्रॉइडवर तरी नाही. एसक्यूलाइटचा (फोनमधल्या डेटाबेसचा) कर्सर, म्हणजे निकाल ओळीओळीने वाचून देणारा दुवा, साधारण २ एमबीच्या खिडकीत (मेमरीतल्या ठरावीक जागेत) मावतील तेवढ्याच ओळी भरतो. त्यापुढे सरकलात की खिडकी रिकामी करून पुढच्या भरतो. त्यासाठी क्वेरी पुन्हा पहिल्यापासून पळते, म्हणून फार खाली गेलं की यादी अडखळते.

मेमरी फुगते ती बहुधा आपल्याच हाताने, सगळा कर्सर लिस्टमध्ये ओतल्यावर. मस्जिद बंदरच्या एका मसालेवाल्यासाठी अ‍ॅप करताना मी बिलांचे फोटो टेबलातच कोंबले होते (हौस!). एक निघाला ३ एमबीचा; ओळ खिडकीत मावेना, अ‍ॅप आडवं. आता फोटो फाइलमध्ये, टेबलात फक्त पाथ (फाइलचा पत्ता).

ओळी पन्नास-पन्नास मागवा, आणि ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी वगळायच्या तो आकडा) न देता ‘शेवटच्या आयडीपुढच्या’ असं विचारा. आयडी टेबलाची प्रायमरी की असेल, तर त्यावर इंडेक्स (शोधसूची) असतोच, त्यामुळे ती ओळ थेट सापडते.